नेम, शिस्त आणि इयत्ता

ती बंदूक, तो तमंचा, ते पिस्तूल. बार उडवण्याचे एकच काम करणारी ही तीन हत्यारे मराठीत तीन लिंगे वाटून घेऊन बसली आहेत. बंदूक हिंदीतही स्त्रीलिंगीच, तिच्याबद्दल वाद नाही. तमंचा आकारान्त, म्हणून झेंडा-दांडा-सोटा यांच्या ओळीत पुल्लिंगी झाला. कोडे आहे ते पिस्तुलाचे. पोर्तुगीज 'पिस्तोला' स्त्रीलिंगी, हिंदी 'पिस्तौल'ही बहुधा स्त्रीलिंगी. मग मराठीने त्याला नपुंसक का केले? माझा तर्क असा, की मराठीत येताना शेवटचा आकार गळाला, ओकाराचा ऊकार झाला आणि शब्द फूल, मूल, पाऊल यांच्या पंगतीत जाऊन बसला. पंगत नपुंसकलिंगी, म्हणून पाहुणाही तसाच झाला असावा. चूल, भूल, हूल या स्त्रीलिंगी शब्दांकडे बोट दाखवून कुणी हा तर्क मोडू शकेल. पण ऊकारापुढे 'ल' आला की मराठी कानाला आधी फूल-मूल आठवते, असे मला वाटते.

पोर्तुगीजांकडे तरी हा शब्द कुठून आला? एक मत इटलीतल्या पिस्तोया गावाकडे जाते. तिथे चांगले खंजीर होत, त्यांना गावावरून नाव पडले आणि तेच पुढे कमरेच्या छोट्या बंदुकीला चिकटले, असे ते मत सांगते. दुसरे मत बोहेमियात, म्हणजे आजच्या चेकियात जाते. पंधराव्या शतकातल्या हुसपंथीयांच्या युद्धांत हातात धरायच्या नळीला 'पिश्टाला' म्हणत. चेक भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ बासरी, शिट्टी, पावा. मला हे दुसरे मत अधिक पटते, कारण त्याच युद्धांतला 'हौफनित्से' हा शब्द जर्मनीमार्गे 'हॉवित्झर' होऊन सगळ्या जगाच्या तोफखान्यात गेलेला आहे. एक शब्द त्या वाटेने गेला असेल, तर दुसऱ्यालाही ती वाट माहीत असावी. 'पिश्टाला'चा उगम नुसता आवाज, पीं-पीं असा. आपली पिपाणी त्याच आवाजातून निघाली. दोघींचे रक्ताचे नाते नाही, पण कान एकच.

हत्याराला नळीवरून नाव देणे ही जुनी खोड दिसते. अकराव्या शतकात महमूद काश्गरीने तुर्की बोलींचा कोश केला. त्यातला 'तुवेक' म्हणजे फुंकून खडे मारायची पोकळ काठी. ऐतिहासिक कागदांत भेटणारी आपली 'तुपक' तिच्याच वंशातली असावी. इंग्रजी 'कॅनन'च्या मुळाशी ग्रीक 'कन्ना', म्हणजे बोरू, वेत. या बोरूकडे पुढे पुन्हा यायचे आहे.

नळीवाल्यांच्या शेजारी गोळीवाल्यांचे घर. तुर्कीत 'तोप' म्हणजे चेंडू, गोळा, त्यावरून तोफ. बंदूक तर चक्क एक सुकामेवा आहे. अरबीत 'बुंदुक' म्हणजे हेझलनट, आणि ते काळ्या समुद्राकाठच्या पोन्तोस प्रांताचे फळ म्हणून ग्रीकांनी त्याला 'पोन्तिकोन' म्हटलेले. तेवढ्याच आकाराच्या मातीच्या गोळ्या धनुष्यातून पाखरांवर सोडत, त्यांनाही 'बुंदुक' म्हणू लागले. फळावरून गोळीला नाव, गोळीवरून धनुष्याला आणि धनुष्यावरून पुढे दारूच्या हत्याराला, अशी ही साखळी. तमंच्याची कथा आणखी गमतीची. फारसी 'तपांचा' म्हणजे चपराक. हिंदीतला तमाचा आणि तमंचा हे एकाच आईचे दोन मुलगे. एक हाताने लगावायचा, दुसरा हातात धरायचा.

एवढ्यात 'गन' राहून जायला नको. विंडसरच्या किल्ल्यात १३३०च्या सुमारास शस्त्रांची यादी केली, तीत एका मोठ्या क्षेपणयंत्राची नोंद 'डोमिना गुनिल्डा', म्हणजे गुनिल्डाबाई, अशी आहे. मुलूखमैदान किंवा कलालबांगडी अशी नावे तोफांना ठेवणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. गुनिल्डा हे उत्तरेकडचे स्त्रीनाम, त्यातल्या 'गुन'चा अर्थ युद्ध. हा 'गुन' आणि संस्कृत 'हन्' धातू एकाच मूळ धातूपासून आले, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. शत्रुघ्नातला 'घ्न' त्याचाच. आता रामायण-महाभारतातली 'शतघ्नी' आठवा. ती नेमके काय होती हा वाद बाजूला ठेवू, पण पुढच्या काळात पंडितांनी तोफेला शतघ्नी म्हटले, तेव्हा त्यांनी नकळत 'गन'च्या सख्ख्या बहिणीलाच हाक मारली.

आता काडतूस. पोर्तुगीज 'कार्तुशो', त्याआधी इटालियन 'कार्तोच्चो', म्हणजे कागदाची पुंगळी. मुळाशी ग्रीक 'खार्तेस', कागदाचे पान. हिंदीने 'कारतूस' करताना रकार सांभाळला, मराठीने त्याचा डकार केला. हे एकट्या काडतुसाचे झालेले नाही. 'काराबिना'ची आपण 'कडाबीन' केली, तिथेही र गेला आणि ड आला. कदाचित काडतुसात आपल्या कानाला 'काडी' ऐकू आली असावी, पण कडाबिनीत काडी कुठून आणायची? तेव्हा कारण ध्वनीचेच दिसते.

पूर्वी गोळी आणि मोजलेली दारू कागदात गुंडाळत. शिपायाने तो कागद दातांनी फाडून दारू नळीत ओतायची. १८५७ साली चरबी लावलेल्या एन्फिल्डच्या कागदी काडतुसांनी काय घडवले, ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पुढे पुंगळी पितळेची झाली, नाव कागदाचेच राहिले. याच 'खार्तेस'ची एक शाखा अरबीत 'किर्तास' झाली. किर्तास म्हणजे कागद, पण तिरंदाजांच्या अरबीत निशाण म्हणून टांगलेल्या कातड्यालाही किर्तास म्हणत. त्यावरून नेम अचूक लागला हे सांगणारे क्रियापदही बनले. म्हणजे जे फाडून बार भरायचा तेही खार्तेस, आणि ज्याला भोक पाडायचे तेही. काडतूस, कार्ड, कार्टून, चार्टर ही सगळी भावंडे एकाच कागदाची.

या कागदात बांधलेली दारू हा तर स्वतंत्र लेखाचा विषय. फारसीत 'दारू' म्हणजे औषध. पहलवीत 'दारूग', आणि त्यामागे 'दार', झाड, लाकूड. संस्कृत दारु, देवदारातला. झाडपाल्याचे ते औषध, असा अर्थ असावा. तेच औषध मराठीत एकीकडे गुत्त्यात गेले आणि दुसरीकडे दारूखान्यात. आपल्याला वाटते हा मराठीचा खट्याळपणा. पण कन्नडात 'मद्दु' म्हणजे औषध आणि बंदुकीची दारू. तमिळ 'मरुंदु'चेही तेच. तेलुगू 'मंदु' तर औषध, मद्य आणि बंदुकीची पूड अशा तिन्ही अर्थांनी चालतो. जुन्या अरबीत 'दवा' औषधही आणि बंदुकीची दारूही. डच लोक औषधी वनस्पतीच्या 'क्राउट'लाच बंदुकीत भरतात. चिनी नावाचा तर सरळ अर्थच अग्नि-औषध. बंदुकीच्या दारूच्या शोधामागे किमयागारांचा खल-बत्ता होता, एवढे या शब्दांवरून समजते. वैद्य आणि तोफची एकाच दुकानातून माल घेत असावेत.

दारू भरली की होतो तो 'बार'. फारसी 'बार' म्हणजे ओझे, संस्कृत भार, इंग्रजीतले 'बेअर' हे क्रियापदही त्याच घरातले. इंग्रज बंदूक 'लोड' करतो आणि आपण बार भरतो. दोन्हीकडे ओझेच चढवले जाते. 'बारदान' म्हणजे ओझे ठेवायचे ते, हेही ध्यानात यावे. दोन नळ्यांची ती 'दुबारी'. आणि लग्नाचासुद्धा आपण बार उडवून देतो.

'फुसका बार' आपण पुढाऱ्यांच्या भाषणांना म्हणतो, पण पिस्तुलाच्या मैदानावर तो फार गंभीर प्रकार आहे. काडतुसात दारू घालायची राहिली किंवा फारच कमी पडली, तर काडतुसाच्या बुडाशी पेट देणारी जी टोपी असते, नुसत्या तिच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते. आवाज फुसका होतो. नेमबाजाच्या ते लक्षात आले नाही आणि त्याने लगेच दुसरी गोळी झाडली, तर नळी फुगते, फुटतेही. म्हणून असा आवाज येताच पंच 'स्टॉप' म्हणून ओरडतो.

हा धोका मुख्यतः घरी काडतुसे भरणाऱ्यांच्या वाट्याला येतो. भारतात शस्त्रांचा आणि दारूगोळ्याचा सगळा व्यवहार १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या कुंपणात असल्यामुळे आपल्याला हा छंद ऐकूनच माहीत. अमेरिकेत मात्र स्पर्धक नेमबाजांमध्ये तो घरोघरी आहे. झाडलेल्या काडतुसांची पितळी टरफले वेचून आणायची, जळकी टोपी काढायची, उष्णतेने आणि दाबाने फुगलेले पितळ साच्यात दाबून मूळ मापावर आणायचे. मग नवी टोपी, तोलून घातलेली दारू, वर गोळी, आणि शेवटी तोंड आवळायचे. इंग्रजीत याला नुसते 'रीलोडिंग' म्हणतात. मराठीत कुणी 'पुनर्भरण' म्हटले, तर वाचणाऱ्याला विहीर आणि पावसाचे पाणी आठवेल. ठासणीच्या बंदुकीवर वाढलेल्या मराठीला 'काडतूस भरणे' पुरेसे आहे. 'पुन्हा' ते संदर्भावरून कळते.

तोलायचे माप मोठे गोड आहे: ग्रेन. लॅटिन 'ग्रानुम', धान्याचा दाणा. संस्कृत 'जीर्ण' त्याचा दूरचा नातलग मानतात. म्हणजे अमेरिकेतला माणूस आजही आपली दारू आणि शिसे धान्याच्या दाण्यांत मोजतो आणि आपण सोने गुंजांत मोजत होतो. एकमेकांचे हिशोब जुळतातही. इंग्रजी अमदानीत ठरलेला तोळा १८० ग्रेनचा, आणि तोळ्याच्या ९६ गुंजा, तेव्हा गुंज पावणेदोन ग्रेनांहून किंचित जास्त. नऊ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी सहसा ११५, १२४ किंवा १४७ ग्रेनची असते. १२४ ग्रेनची गोळी म्हणजे सराफाच्या भाषेत आठ मासे दोन गुंजा. तिला ढकलणारी दारू जेमतेम दोन-तीन गुंजांची. सराफाच्या काट्याशिवाय हे काम होत नाही ते उगीच नाही.

गोळीच्या जाडीला 'कॅलिबर' म्हणतात, तोही शब्द आपल्या बाजूने गेलेला आहे. ग्रीक 'कालोपोदिओन', म्हणजे चांभाराचा लाकडी पाय, ज्यावर जोडा बेततात. त्याचा अरबीत 'कालिब' झाला, साचा. हिंदीत जोड्याच्या साच्याला 'कलबूत' म्हणतात, तोही याच गोतावळ्यातला दिसतो. कालिबात शिसे ओतून गोळ्या काढत, म्हणून गोळीचे माप ते कॅलिबर. गोळ्या साठवणाऱ्या 'मॅगझीन'चे मूळ अरबी 'मखजन', कोठार. आपला खजिना आणि खजांची त्याच धातूचे. १७३१ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'ने नियतकालिकालाही कोठार म्हटले, आणि तेव्हापासून संपादक आणि पिस्तूलवाला एकाच शब्दात आपापला माल भरतात.

पिस्तुलाच्या अंगावर प्राणीही पुष्कळ. आपण 'घोडा' ओढतो. इंग्रजांचा तिथे कोंबडा, जर्मन आणि तुर्कांचाही कोंबडाच. फ्रेंच आणि इटालियनांचा कुत्रा. पोर्तुगीजांकडे कुत्रा आहेच, शिवाय चापाला ते 'गातिल्यो', मांजराचे पिल्लू, म्हणतात. नळीच्या टोकावर नेम धरण्यासाठी जी लहानशी खूण असते ती आपली 'माशी', हिंदीची 'मक्खी', फारसीची 'मगसक' आणि रशियनांची 'मुश्का'. चौघींचाही अर्थ एकच. इंग्रजी 'मस्केट'देखील इटालियन 'मोस्का', माशी, हिच्यापासून निघाली. संस्कृत मक्षिका आणि लॅटिन 'मुस्का' दिसायला जुळ्या, पण घराणी वेगळी असावीत. सारखेपणा बहुधा भुणभुणण्यापुरताच.

'चाप' मात्र फसवा आहे. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य, त्यामुळे बंदुकीचा चाप हा धनुष्याचा वारस, असे वाटून कुणालाही आनंद होईल. मला तो आनंद घेता येत नाही. केसांचा चाप, कागदाचा चाप, कुणाच्या उधळेपणाला लावलेला चाप, या सगळ्यांत दाबणे आहे, वाकणे नाही. मूळ 'चापणे', दाबणे, हेच असावे.

आता ज्या दोन शब्दांसाठी हा सगळा फेरफटका केला, त्यांच्याकडे येऊ. 'नेम' आणि 'शिस्त'.

'नेम' हा 'नियम'चा घासलेला अवतार, याबद्दल शंका नको. नेमधर्म, नित्यनेम, नेमाने पंढरीला जाणारा वारकरी, यांत नियमच आहे. त्यातून 'नेमणे' झाले, म्हणजे ठरवून देणे, 'नेमणूक' झाली, 'नेमस्त' झाला, ज्याला टिळकांच्या काळात राजकीय रंग चढला, आणि 'नेमका' झाला. बंदुकीचा नेम या 'नेमका'च्या जवळचा असावा. नजर एका बिंदूवर ठरवून टाकणे, नेमून देणे, तो नेम. हिंदीत 'नेम' व्रतापुरताच राहिला आणि बंदुकीसाठी 'निशाना' आला. कन्नडातला 'नेम'ही व्रताचा. गुजरातीत मात्र 'नेम' म्हणजे उद्देश, लक्ष्य. नियमाचा बाण करण्याची ही युक्ती मराठी आणि गुजराती या दोघींनीच केलेली दिसते.

'शिस्त' नेमकी उलट दिशेने आली. फारसी 'शस्त' किंवा 'शिस्त' म्हणजे अंगठा, मासे धरायचा गळ, आणि धनुर्धारी दोरी ओढताना अंगठ्यात घालत ती कडी. तुर्क-इराणी तिरंदाज दोरी अंगठ्याने ओढत, म्हणून हाडाची किंवा दगडाची ही कडी लागे. कडीवरून शब्द बाण सोडण्याच्या क्षणावर गेला आणि तिथून नेम धरण्यावर. उर्दूत 'शिस्त बाँधना' म्हणजे नेम धरणे. ज्यांनी एनसीसीत रायफल हाताळली असेल, त्यांना उस्तादांचा 'शिस्त लेना' हा धडा आठवत असेल. मराठी पोराला तेव्हा वाटते, की आपल्याला नीट वागायला सांगत आहेत. प्रत्यक्षात माशीच्या टोकावरून निशाण पाहायला सांगत असतात. जुन्या मराठीतही शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे होते. मग नेम धरताना लागणारा सरळपणा, ओळ, टापटीप हा अर्थ वर आला, आणि पुढे बंदूक गळून पडून शाळेच्या भिंतीवरची शिस्त तेवढी उरली. काहीजण शिस्तीला संस्कृत 'शास्', 'शिष्ट' यांच्याकडे नेतात. अर्थ वळायला शासनाची सावली उपयोगी पडली असेल, पण शब्द अंगठीतलाच, असे माझे मत आहे.

म्हणजे एक शब्द नियमाकडून नेमाकडे गेला आणि दुसरा नेमाकडून नियमाकडे. वाटेत कुठेतरी त्यांची गाठ पडली असणार. आणि आता तो ग्रीक बोरू. 'कन्ना' बोरू, त्यावरून 'कानोन', सरळ काठी, मोजपट्टी, म्हणून नियम. हाच 'कानोन' अरबीत 'कानून' होऊन आपल्याकडे आला, आणि पेशवाईच्या कागदांत 'कानूजाबता' होऊन बसला. त्याच बोरूची नळी फुगून युरोपात 'कॅनन' झाली. तोफ आणि कायदा एकाच बांबूच्या बेटातले. बंदूक जिथे जाते तिथे नियम आधीच जाऊन बसलेला असतो, असे ही तीन कुटुंबे तरी सांगतात.

'नेमबाज'मध्ये संस्कृत नेमाला फारसी 'बाज' जोडला आहे. 'बाख्तन' म्हणजे खेळणे, पणाला लावणे. पतंगबाज, दगलबाज त्यातलेच. सैन्यातला नेमबाज 'अंदाज' असे: तीर फेकणारा तिरंदाज, गोळा फेकणारा गोलंदाज, वीज फेकणारा बरकंदाज. गोलंदाज क्रिकेटमध्ये गेला, त्याने मागून फलंदाजालाही ओढून नेले. नेमबाजाने मात्र खेळणाऱ्याचा प्रत्यय पहिल्यापासून धरला होता, तो ऑलिंपिकच्या काळात कामी आला. चांगवोनच्या विश्वचषकात २०१३ साली २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण मिळवणाऱ्या आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेतही सुवर्ण आणणाऱ्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांचे आडनावही शब्दवेड्यांनी पाहण्याजोगे आहे: 'सर-ए-नौबत', नौबतीचा प्रमुख, शिवकालातला सेनापती.

खेळ आला की बरोबरी कुणाशी, हा प्रश्न आला. अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या कोलंबिया गावी १९७६ साली जेफ कूपर यांच्या अध्यक्षतेखाली पिस्तूल नेमबाजीची एक आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. तिला आयपीएससी म्हणतात. तिचे ब्रीद लॅटिन तीन शब्दांचे: अचूकता, शक्ती, वेग. त्यातला शक्तीवाचक 'व्हिस' हा संस्कृत 'वयस्'चा, म्हणजे जोमाचा, भाऊ मानला जातो. ही शक्ती मोजतातही. गोळीचे वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला फुटांत. दोहोंचा गुणाकार करून हजाराने भागायचे. खालची मर्यादा १२५. घरी काडतूस भरणारा या मर्यादेच्या किंचित वर राहायला बघतो, कारण जोर कमी तर धक्का कमी आणि पुढचा नेम लवकर. पण १४७ ग्रेनची गोळी सेकंदाला ८५० फुटांनी गेली, तर उत्तर येते १२४.९५. दशांश सोडून द्यायचे, राहिले १२४, आणि दिवसभराची गुणांची बेरीज वाया. चिमटीभर दारू वाचवण्याचा हा दंड.

स्पर्धकांच्या वाटण्या दोन प्रकारच्या आहेत. हत्यार कोणते, यावरून 'डिव्हिजन': कारखान्यातून आले तसे पिस्तूल एकीकडे, दुर्बीण आणि धक्का दाबणारी उपकरणे चढवलेले दुसरीकडे, रिव्हॉल्वर तिसरीकडे. आणि कौशल्य किती, यावरून 'क्लास'. संघटनेच्या अमेरिकन शाखेत, १९८४ साली स्थापन झालेल्या यूएसपीएसएमध्ये, मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद असा आकडा काढतात. त्या डिव्हिजनमधल्या सर्वोच्च आकड्याशी त्याची टक्केवारी धरतात. पंचाण्णवच्या वर तो ग्रँडमास्टर, पंच्याऐंशीच्या वर मास्टर, मग ए, साठच्या वर बी, चाळीसच्या वर सी, खाली डी.

'क्लास'चा इतिहास इथे उपयोगी पडतो. रोमन परंपरेत सर्व्हियस तुल्लियस राजाने नागरिकांना मालमत्तेप्रमाणे 'क्लासिस'मध्ये बसवले, ते लढाईला कोणते शस्त्र आणायचे हे ठरवण्यासाठी. पहिल्या वर्गाला पूर्ण चिलखत, पाचव्याला गोफण आणि दगड. म्हणजे मुळात क्लास हा ऐपतीचा आणि हत्याराचा होता, हाताच्या कौशल्याचा नव्हता. पिस्तुलाच्या खेळाने तो शब्द सोडवून घेतला: हत्यार डिव्हिजनकडे दिले आणि क्लासमध्ये निव्वळ हात ठेवला. शब्दाला इतके चांगले दिवस क्वचित येतात.

मराठीत या वाटण्यांना काय म्हणावे? 'दर्जा' अरबी, मूळ अर्थ पायरी. पण आता त्यात मानापमान मिसळला आहे, डी दर्जाचा नेमबाज म्हटले की माल निकृष्ट वाटतो. 'श्रेणी'मध्ये ओळ आहे, व्यापाऱ्यांचा संघ आहे, मोजमाप नाही. 'वर्ग' त्यातल्या त्यात बरा. अमरकोशात शब्दांचे वर्ग आहेत, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेल्या राज्यव्यवहारकोशातही आहेत आणि त्यांत एक शस्त्रवर्गही आहे. पण वर्गात सारखेपणा असतो, उतरंड नसते. म्हणून मी 'इयत्ता' सुचवतो. 'इयत्' म्हणजे इतके. इयत्ता म्हणजे इतकेपणा. आपण तिला शाळेच्या बाकावर बसवून ठेवले, पण कालिदासाच्या रघुवंशात तेराव्या सर्गात समुद्राचे वर्णन आहे, तिथे ती 'ईदृक्ता' या बहिणीसह येते. समुद्राचे रूप कसे आणि किती हे विष्णूच्या रूपासारखेच ठरवता येत नाही, असा तिथला आशय. कसे ती ईदृक्ता, किती ती इयत्ता. डिव्हिजन म्हणजे ईदृक्ता, क्लास म्हणजे इयत्ता; याहून काटेकोर जोडी दुसऱ्या भाषेत असेल असे वाटत नाही. ईदृक्ता उच्चारायला जड आहे हे कबूल, तिच्या जागी 'प्रकार' चालेल. इयत्तेला मात्र पर्याय नको. तिसरीतल्या मुलाला कुणी हीन म्हणत नाही; तो तिसरीत आहे, इतकेच.

पण इयत्ता आली की इयत्तेतली लबाडीही आली. बीत शोभणारा माणूस बक्षिसासाठी मुद्दाम वाईट खेळून सीत राहतो, त्याला अमेरिकेत 'सँडबॅगर' म्हणतात. एकोणिसाव्या शतकातले भामटे साध्या कापडी पिशवीत वाळू भरून ती डोक्यात घालत. निरुपद्रवी दिसणारी जड वस्तू, म्हणून पुढे पत्त्यांच्या डावात चांगली पाने दडवणाऱ्यालाही तेच नाव पडले आणि तिथून ते खेळांत शिरले. हे थांबवायला तिथे नियम आहे, की वर चढलेली इयत्ता चार वाईट दिवसांमुळे आपोआप खाली उतरत नाही. उलट टोकाचेही लोक असतात. निवडक चाचण्या रंगवून इयत्ता फुगवून घेतात आणि खऱ्या सामन्यात उघडे पडतात. त्यांच्यासाठी आपल्याकडे 'फुसका बार' आहेच. सँडबॅगरला मराठी शब्द शोधत बसायची गरज नाही, कारण वेड पांघरून पेडगावला जाणारा माणूस आपण शतकानुशतके ओळखतो. श्रीगोंदे तालुक्यातल्या पेडगावच्या बहादूरगडावर मोगलांना थोड्या फौजेची हूल दाखवून मोठ्या फौजेने लुटल्याची आख्यायिका या म्हणीशी जोडतात. म्हणीचा जन्म तोच असो वा नसो, सी इयत्तेत वेड पांघरून बसलेल्या ग्रँडमास्टरला 'पेडगावकर' म्हणायला माझी हरकत नाही.

राहता राहिली मागची खूण. नळीच्या टोकावर माशी आहे, पण डोळ्याजवळच्या ज्या खाचेतून ती माशी बघायची, त्या खाचेला छापील मराठीत इंग्रजी नावच चालते. कोकणात शेती-संरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका अजून घरांत आहेत, देशावरही जुने शिकारी आणि बंदुका दुरुस्त करणारे कारागीर आहेत. त्यांच्या तोंडी त्या खाचेला काही नाव असेल, तर ते, आणि गज, टोपी, चाप यांची गावाकडची इतर नावेही, वाचकांनी गाव-तालुक्याच्या उल्लेखासह आमच्याकडे जरूर पाठवावीत.